गिळलेली बदाम छक्की

नॅचेझ, १४ सप्टेंबर १८४१

मादाम युलाली पिकू यांस,

मागच्या पत्रात मी तुम्हाला विहीणबाई म्हटलं होतं. ते परत घेतो. तुमचा पुतण्या ओनेझिम आणि माझी एल्मीर यांचं गेल्या ईस्टरला ठरलेलं लग्न मी मोडलं आहे. तुमच्याकडून लग्नाच्या करंडीतून आलेली शाल, हस्तिदंती पंखा आणि फणी याच बोटीने परत पाठवतो आहे. पंख्याची एक काडी आली तेव्हापासूनच मोडलेली होती, हे आत्ताच लिहून ठेवतो. नंतर वाद नको.

कारण ऐका. शनिवारी 'बेल अमेली' बोटीवर आम्ही दोघं योगायोगाने एकत्र आलो. तो न्यू ऑर्लिन्सहून दोरखंडांचे नमुने घेऊन नदीने वर निघाला होता. मी बायू साराला एका मळेवाल्याचं लंबकाचं घड्याळ दुरुस्त करून घरी परतत होतो. जेवणं झाल्यावर पुरुषांच्या दालनात पत्ते निघाले. मला वाटलं आपला जुना पोक. दश्शीपासून एक्क्यापर्यंत वीस पानं, चार माणसं, प्रत्येकाला पाच, शिल्लक शून्य. डोकं ठिकाणावर असेल तर समोरच्याच्या हातात काय आहे याचा निम्मा तरी अंदाज बांधता येतो. पण आम्हाला धरून झाले सहा जण. सहा जणांना वीस पानं पुरणार कशी?

टॅलबट नावाचा केंटकीचा एक डुकरांचा व्यापारी होता. तो म्हणाला, "बाबा, तुमचा वीस पानांचा खेळ आजोबांबरोबर पुरला. आम्ही पूर्ण गठ्ठा घेतो, बावन्न. दुर्री-तिर्रीनेही बिचारीने कधी जिंकावं की नाही?" खेळाचं नावसुद्धा यांनी पोकर करून टाकलं आहे. शिवाय नवीन नियम म्हणे, पाचही पानं बदाम किंवा पाचही किलवर आली, तर तीन एक्केसुद्धा हरतात. कोणी केला हा नियम, असं विचारलं, तर म्हणाला, "नदीच्या वरच्या अंगाला सगळे असंच खेळतात." यालाच पुरावा समजायचं. तरी मी बसलो, ही माझी चूक.

चौथ्या डावाला ओनेझिमने घाम पुसायला आतल्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर एक पान बाहेर आलं आणि माझ्या बुटापाशी उताणं पडलं. बदाम छक्की. टॅलबटने त्याच्यावर पाय ठेवण्याआधी तुमच्या पुतण्याने झडप घालून ते उचललं. "दाखव, दाखव," असं सगळे ओरडत असताना त्याने पानाची घडी केली, तोंडात घातली आणि चावून गिळून टाकली. तीस वर्षं मी पत्ते खेळतो आहे. पान गिळणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

मग गठ्ठा मोजला. मीच मोजला, मोजण्याच्या बाबतीत मी कोणावर विसंबत नाही. पूर्ण बावन्न, आणि त्यांची बदाम छक्की त्यांच्यातच होती. म्हणजे खिशातली त्रेपन्नावी. ओनेझिमच्या हातातली पानं उलटवली, तर चार बदाम आणि एक किलवर गुलाम. पाचवा बदाम खिशातून येणार होता, हे डुकरांच्या व्यापाऱ्यालाही कळलं.

कप्तानाने बोट एका लाकूडवखारीला लावून त्याला उतरवलं. काही वर्षांपूर्वी व्हिक्सबर्गला पत्तेबाजांना फासावर लटकवलं होतं, त्या मानाने हे सौम्यच म्हणायचं. उतरताना ओनेझिमने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

तुमच्याकडे यंदा पिवळा ताप फार आहे असं ऐकतो. जपून असा.

तेओद्यूल व्हेरे, घड्याळजी


न्यू ऑर्लिन्स, २० सप्टेंबर

व्याहीबुवा,

मी तुम्हाला व्याहीच म्हणणार. जोडायला दोघं लागली होती, मोडायला तुम्ही एकटे कसे पुरता?

पंख्याची काडी मोजलीत. गठ्ठ्यातली पानं मोजलीत. पोराला कुठल्या लाकूडवखारीवर टाकलं ते मात्र लिहायला विसरलात. शाल आली, फणी आली, पोरगा आला नाही. आज नऊ दिवस झाले. आईबाप त्याच्या सातव्या वर्षी तापात गेले, तेव्हापासून तो माझ्या हाताखाली वाढला. इकडे रोज सकाळी प्रेतांची गाडी येते आणि गल्लीतलं कोणीतरी घेऊन जाते. सर्व संतांच्या सणाला कबरींवर वाहायच्या कागदी फुलांची इतकी मागणी मला उभ्या जन्मात आली नव्हती. पाकळ्या कापायला बसते आणि हात थांबतो. आधी वखारीचं नाव कळवा, मग माझ्याशी भांडा.

आता छक्कीचं बोलू. तेओद्यूल, सात वर्षं अमेरिकनांत राहून तुमच्या डोक्यावर परिणाम झाला का? छक्कीने कोण फसवतं? आपल्यात छक्की हा पत्ता तरी आहे का? नवा गठ्ठा फोडला की वीस पानं मेजावर आणि उरलेली बत्तीस डब्यात. त्यांच्या कोऱ्या पाठींवर आपण जन्मभर चिठ्ठ्या लिहीत आलो. पाववाल्याला, डॉक्टरला, शेजारणीला. माझा नवरा पास्काल गेला तेव्हा अंत्यविधीचं कळवायला मी पंज्या आणि सत्त्या वापरल्या. तुम्हाला आली ती किलवर नव्वी होती. माझ्या फुलांच्या बुडाला कडकपणा येतो तो कशाने? तुम्हीच तर दरवर्षी डबा भरून पाठवता. इथल्या कोणाच्याही कोटात हात घाला, दोन-चार दुर्र्या-तिर्र्या निघतील.

म्हणून मला एकच सांगा. त्या पानाची पाठ कोणी पाहिली?

आणि खरं कारण मला वेगळंच दिसतं आहे. कोणी मिस्टर प्रिचर्ड म्हणून कापसाचा दलाल आहे, त्याचं विटांचं घर आहे, आणि त्याचं घड्याळ दर आठवड्याला बंद पडून दुरुस्तीला तुमच्या दुकानात येतं, असं माझ्या कानावर आलं आहे. घड्याळजीची मुलगी सुंदर असली की घड्याळं फार बिघडतात.

सासऱ्यांच्या वेळची गंमत आठवते का? ते म्हणायचे, हा खेळ आमच्या वडिलांनी फ्रान्सहून खिशात घालून उसाच्या बेटावर नेला आणि बेटावरून इथे आणला. धक्क्यावरचा इराणी खलाशी म्हणायचा, खोटं, वीस पानं आमची, आमच्या एक्क्यावर सिंह असतो. जर्मन पाववाला म्हणायचा, दोघंही चोर, मेजावर मूठ आपटून हूल द्यायची ही आमच्या गावची रीत. तिघं एकमेकांना चोर म्हणायचे आणि रविवारी एकाच मेजावर बसायचे. निदान कोणी कोणाला लाकूडवखारीवर उतरवत नव्हतं.

तुम्हाला हूल देता येत नाही. त्या वेळी कॉफी घेऊन मी तुमच्या मागे उभी असायचे. हातात काही नसताना पैज वाढवलीत की तुमचा डावा कान लाल व्हायचा. पास्कालला ते ठाऊक होतं, म्हणून तो तुमच्याशी खेळायला कधी कंटाळला नाही. पत्रातून कान दिसत नाही, एवढीच तुमची सोय.

युलाली पिकू


नॅचेझ, २९ सप्टेंबर

मादाम,

गिड्रीची वखार, बायू साराच्या वर वीस मैलांवर, उजवा काठ. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथून पायीच खाली गेला. बरोबर मक्याची भाकरी होती आणि पायांत बूट होते. मी मुद्दाम चौकशी केली नाही. एका नावाड्याकडून सहज कळलं. सहज म्हणजे त्याला थांबवून विचारावं लागलं, एवढंच.

प्रिचर्डचं घड्याळ दर आठवड्याला बंद पडतं हे खरं. उघडलं की दरवेळी आत वाळूचा एक कण सापडतो. बंद झाकणाच्या घड्याळात वाळू आपोआप जात नाही, हे मला धंद्यामुळे कळतं, आणि ती कोण घालतं याचा मला संशय आहे. पण त्या माणसाला मी मुलगी देणार नाही. पाव तास उशिरा येतो आणि दोष घड्याळाला देतो.

पाठीचं म्हणाल, तर ती कोणीही पाहिली नाही. तुमचं पत्र आल्यापासून मी यावरच विचार करतो आहे. चिठ्ठ्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे, मीही पूर्वी तसंच करत असे. सात वर्षांत विसरलो होतो, हे कबूल. शिवाय ओनेझिम पत्त्यांत लबाडी करणाऱ्यातला दिसत नाही, हेही कबूल. त्याच्या हातात राजा डोकं खाली, पाय वर असा उलटा आला की तो मान वाकडी करून आधी त्याला सुलटा करतो आणि चित्राचं पान आलं हे सगळ्या मेजाला कळतं. असा माणूस काय फसवणार.

पण मग पुढचं ऐका. पाठीवर चिठ्ठी होती असं धरू. निर्दोष माणूस काय करेल? पान उलटून म्हणेल, बघा, पाववाल्याची चिठ्ठी आहे. गिळेल का? ज्याअर्थी गिळली, त्याअर्थी ती दाखवण्यासारखी नव्हती. आणि होणाऱ्या सासऱ्याला दाखवता येणार नाही अशी चिठ्ठी कोणाची असते, हे तुम्हाला समजावायची गरज नाही. म्हणजे तुमचा पुतण्या एक तर लबाड आहे, नाहीतर त्याची कोणी बाई आहे. माझ्या मुलीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

एल्मीर जेवत नव्हती. पहिल्या दिवशी मी सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं. "पपा, पूर्ण गिळलं का त्याने? एखादा तुकडा मागे नाही ना राहिला?" मी म्हटलं, पूर्ण गिळलं. मग तिने दोन घास भात खाल्ला. पोर मुळात मायाळू, अशा माणसाच्याही पोटाची तिला काळजी.

डावा कान वगैरे तुमची कल्पना आहे. पास्कालला पानं चांगली येत होती.

ते. व्हेरे


न्यू ऑर्लिन्स, ९ ऑक्टोबर

मस्यू व्हेरे,

ओनेझिम मंगळवारी घरी आला. लाकडांच्या तराफ्यावरून, अंगात हिवताप, पण पिवळा नाही, देवाची कृपा. डोक्याचे अर्धे केस बोटीवरच्यांनी कापून टाकले आहेत. तुम्ही ते लिहिलं नव्हतं. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता ना, दिसलं नसेल.

तीन दिवस सूप पाजलं आणि चौथ्या दिवशी दार लावून समोर बसले.

"खोटं खेळलास?"

"नाही, काकू."

"पान कोणाचं होतं?"

"माझं होतं."

"पाठीवर काय होतं?"

"काकू, कॉफी उरली आहे का?"

"ओनेझिम, अरे मी तुला वाढवलं. मला सांग."

"म्हणून तर सांगता येत नाही. तुम्ही एका दमात नॅचेझला पत्र लिहाल."

तो झोपला असताना मी त्याची पेटी उघडली. वाईट केलं, पण केलं. खाली कपड्यांत एक निळी फीत सापडली. पत्त्याएवढं काहीतरी तिच्यात बांधलेलं असणार, घड्या तशाच होत्या. आत काही नव्हतं. मग आठवलं, घरी आल्या आल्या या उकाड्यात त्याने थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून घेतली होती आणि मला दूध आणायला बाहेर पाठवलं होतं.

तेव्हा तुमचं बरोबर असेल. लबाड नाही, यावर मी क्रुसाला हात लावून सांगेन. पण कोणीतरी बाई आहे. फीत बाईच्या हातची आहे, गाठीवरून कळतं. मी तुमच्यावर प्रिचर्डचा आरोप केला तो मागे घेते. पोटच्या पोरासारखं वाढवावं आणि त्याच्याच पेटीत चोरासारखा हात घालावा लागावा, याचं मला फार वाईट वाटतं. एल्मीरला माझा आशीर्वाद सांगा. तिने दुसरं बघावं.

त्याचं पुढे काय होणार, कळत नाही. कप्तानाने त्याचं नाव सगळ्या धक्क्यांवर सांगितलं आहे. एकही बोट त्याला फळीवर पाय ठेवू देत नाही. दोरखंड विकणाऱ्याला बोटी बंद म्हणजे सगळंच बंद. काल मेक्सिकोकडे जाणाऱ्या जहाजांची चौकशी करत होता. एकदा गेला तर मी काही त्याला पुन्हा बघणार नाही.

एक मागणं आहे, मनात नसेल तर राहू द्या. दरवर्षीप्रमाणे तुमच्या डब्यातली टाकाऊ पानं पाठवाल का? फुलांना बुडं कमी पडत आहेत. यंदा मेलेल्यांची संख्या जिवंतांना झेपत नाही.

युलाली


नॅचेझ, १९ ऑक्टोबर

मादाम युलाली,

पानं सोबत पाठवतो आहे. ती अठ्ठ्याऐंशी आहेत. शहाण्णव असायला हवी होती, आणि का नाहीत हे सांगायलाच हे पत्र.

यंदा तीन गठ्ठे फोडले, तीन बत्तिसे शहाण्णव. मागच्या वर्षी दोन कमी आली असं तुम्ही लिहिलं होतं, ते माझ्या मनात राहिलं होतं, म्हणून पाठवण्याआधी मोजली. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजली. अठ्ठ्याऐंशीच. घरात चोर आहे असं ठरवून मी आधी स्वयंपाकिणीवर संशय घेतला, मग प्रिचर्डवर, तो येतो तेव्हा डब्याच्या फळीपाशीच उभा राहतो. मग पानं रंगवार लावली. इस्पिक पूर्ण. किलवर पूर्ण. चौकट पूर्ण. ईस्टरला फोडलेल्या गठ्ठ्यातले दुर्रीपासून नव्वीपर्यंतचे आठही बदाम नाहीत.

चोर बाकीचे तीन रंग सोडून नुसते बदाम नेत नाही. ईस्टरला काय ठरलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी डबा तसाच जेवणाच्या मेजावर नेऊन ठेवला. एल्मीरने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. म्हणाली, "वडिलांनी वाचल्याशिवाय पत्र धाडायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतं, पपा. मी त्याला म्हटलं होतं, माझं अक्षर कोणाला दिसलं तर मी जीव देईन. आपलं बोलायला बोलते मी. तो गिळेल हे मला काय माहीत?" मग रडली. आतापर्यंत का बोलली नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही मलाही वखारीवर उतरवलं असतंत."

पान माझ्या बुटापाशी पडलं होतं, युलाली. त्याने नुसतं उलटून दाखवलं असतं तर तो सुटला असता. डुकरांच्या व्यापाऱ्यासमोर माझ्या मुलीचं अक्षर वाचलं गेलं असतं आणि मान माझी खाली गेली असती. ती जाऊ नये म्हणून त्याने केस दिले, धंदा दिला. आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. मला याची शरम वाटते. कागदावर लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

पण आता त्याला सोडवायचं कसं? खरं सांगावं, तर त्याने जे गिळलं तेच मी ओकायचं. एल्मीरचं नाव एका आठवड्यात केंटकीपर्यंतच्या प्रत्येक बोटीवर जाईल. न सांगावं, तर पोरगा मेक्सिकोला जाईल. दोन रात्री माझं काम झालं नाही. कधी नव्हे ती दुकानातली दोन घड्याळं वेगवेगळे ठोके देत होती.

रविवारी 'बेल अमेली' धक्क्याला लागली. टॅलबट आता त्या बोटीवर मुक्कामालाच असतो असं दिसतं. मी वर गेलो, कप्तानाला आणि पत्त्यांच्या मेजावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि म्हणालो, "ते पान माझं होतं. आमच्या जुन्या लोकांत छक्की खेळायला नसते, चिठ्ठीला असते. पाठीवर मी मादाम पिकूंना मजकूर लिहिला होता आणि बायू साराला तो त्यांच्या पुतण्याच्या हाती दिला होता. काकूचं नाव या मेजावर येऊ नये म्हणून त्याने गिळलं. मी समोर बसून तोंड उघडलं नाही, कारण मला लाज वाटली."

टॅलबट म्हणाला, "कसला मजकूर, बाबा?"

मी म्हटलं, "चोपन्नाव्या वर्षी विधुराने विधवेला दुसरं काय लिहायचं असतं?"

दालन हसण्याने भरून गेलं. कप्तान मात्र हसला नाही. त्याने टोपी काढली. तो म्हणाला, पुढच्या फेरीला मी स्वतः पोराची माफी मागायला जाईन.

तर असं झालं. तुम्हाला न विचारता तुमचं नाव मी मेजावर टाकलं. आता धक्क्याधक्क्यावर लोक हसतील, आणि कोळीणसुद्धा तुम्हाला माझ्यावरून चिडवेल. दुसरं कोणाचं नाव मला सुचलं नाही. खरं म्हणजे दुसरं शोधलंही नाही. तुम्ही मला वाटेल ते बोला, मी ऐकेन.

कोणी पुरावा मागितलाच तर जवळ असावी म्हणून नव्या गठ्ठ्यातली बदाम छक्की वेगळ्या पाकिटात घातली आहे. पाठ कोरी आहे. तीन वेळा लेखणी बुडवली, पण लिहिणं जमलं नाही.

तेओद्यूल


न्यू ऑर्लिन्स, २८ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

कप्तान काल येऊन गेला. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि ओनेझिमला म्हणाला, "मस्यू, माझी चूक झाली." आणि त्याच्याकडेच चारशे वाव लांबीचा दोरखंड मागितला. पोराने तुमच्या गोष्टीला नुसती मान हलवली. कप्तान गेल्यावर माझ्या गळ्यात पडून लहानपणी रडायचा तसा रडला. तो मेक्सिकोला जात नाही.

शाल, फणी आणि पंखा पुन्हा तुमच्याकडे येत आहेत. पंख्याची काडी बसवून घेतली आहे, मोजून घ्या. लग्न जानेवारीत, केस वाढल्यावर. एल्मीरला सांगा, आता पत्रं कागदावर लिहीत जा. सासरचे लोक काहीही खातात.

माझ्या नावाचं म्हणाल तर कोळिणीने चिडवलं, पाववाल्याने चिडवलं, आणि प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनीही तब्येतीची जरा जास्तच चौकशी केली. मी दोन दिवस तुमच्यावर इतकी भडकले होते की फुलांच्या पाकळ्या वाकड्या कापल्या गेल्या. मग संशय आला. तेओद्यूल व्हेरेने भरल्या मेजावर हूल दिली आणि कोणाला कळलं नाही? पास्काल कबरीत उठून बसेल. माझा यावर विश्वास बसेना. म्हणून कप्तान जायला निघाला तेव्हा मी त्याला एक गोष्ट विचारली. तो माझ्याकडे वेडी समजून पाहत राहिला, पण त्याने उत्तर दिलं.

उत्तर तुमच्याच छक्कीच्या पाठीवर लिहून सोबत परत पाठवते आहे. पान एल्मीरला दाखवायला हरकत नाही. गिळू नका.

युलाली


(बदाम छक्कीच्या पाठीवर, बारीक अक्षरात)

कप्तानाला विचारलं, म्हातारा ते सगळं सांगत होता तेव्हा त्याचा डावा कान लाल झाला होता का. म्हणाला, दिवा त्याच बाजूला होता, कान रोजच्यासारखाच होता.

सण झाला की या. कॉफी घेऊन या वेळी मी समोर बसेन.